रांगती गाडी

पंचशीलनगरात वाळवण घालायचं असलं की बायका आभाळाकडे नंतर बघायच्या, आधी कलाबाईच्या दाराशी यायच्या. ऊन पडलंय की नाही हे काय, कुणालाही दिसतं. गाडी कशी येणार हे मात्र एकट्या कलाबाई पगारेला कळायचं.

नाशिकरोडच्या पुढे मोठ्या लाइनीतून एक फाटा निघतो आणि वळण घेत वीजकेंद्राकडे जातो. त्या वळणाच्या पोटात ही वसाहत. शंभर-सव्वाशे घरं, सगळी पत्र्याची. स्लॅबची गच्ची म्हणाल तर एकाच इमारतीला, मधल्या बुद्धविहाराला. फाट्यावरून दुसरं काही जात नाही, फक्त कोळसा. सकाळी भरलेली मालगाडी आत जाते आणि पाच-सहा तासांनी रिकामी होऊन बाहेर येते. आता कुणालाही वाटेल की धूळ उडते ती भरल्या गाडीची. तसं नाही. भरल्या डब्यातला कोळसा दबून बसलेला असतो. रिकाम्या डब्याच्या तळाशी मात्र भुकटी उरते, आणि गाडी जोरात निघाली की वारा ती उचलून बाहेर टाकतो. तीही नेमकी दुपारी, नेमकी विहाराच्या गच्चीवर, जिथे सगळ्या वसाहतीचे पापड आणि कुरडया वाळत असतात.

हा शोध कलाबाईचा. बावीस वर्षांपूर्वी ती इथे राहायला आली तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर होती. माहेर घोटीजवळचं, भाताच्या शेतातलं. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं माहेरच्या तांदळाचे पापड गच्चीवर घातले, आणि दुपारच्या रिकाम्या गाडीनं त्यांच्यावर काळे तीळ पेरल्यासारखी धूळ टाकली. बाकीच्या बायका गाडीच्या नावानं बोटं मोडत खाली उतरल्या. कलाबाई गच्चीवरच उभी राहिली. राग तिलाही आला होता, पण रागापेक्षा एक गोष्ट जास्त डाचत होती. सकाळी गाडी आत गेली तेव्हा इंजिन पुढे होतं. आता बाहेर येतानाही इंजिन पुढेच. मग मध्ये झालं काय?

तिनं नवऱ्याला विचारलं. मल्हारी वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला, रोज त्या गाडीच्या शेजारून जाणारा-येणारा. तो म्हणाला, “कोळसा येतो, कोळसा जातो. इंजिनाचं तोंड कुठं हाय ते बघून आपल्याला काय करायचं?” या उत्तरानं कलाबाईचं समाधान होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं चपला घातल्या आणि रुळाच्या कडेकडेनं चालत ती थेट वीजकेंद्राच्या कुंपणाशी गेली. जाळीला नाक लावून तासभर उभी राहिली. इंजिन डब्यांपासून सुटलं, शेजारच्या रुळावरून एकटंच मागे आलं आणि गाडीच्या शेपटीला जाऊन लागलं. म्हणजे शेपटीचं तोंड झालं. एवढंच होतं ते. पण ते कळल्याचा तिला इतका आनंद झाला की त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

तेव्हापासून तिला गाडीचा नादच लागला. डबे अठ्ठावन्न आणि शिवाय एक गार्डचा. प्रत्येक डब्यावर अकरा आकड्यांचा नंबर, आणि त्यातला पाचवा-सहावा आकडा डबा कोणत्या सालचा ते सांगतो, हे तिला मुझफ्फरनं सांगितलं. मुझफ्फर म्हणजे वसाहतीच्या टोकाला रस्त्यावर जे रेल्वे गेट आहे तिथला गेटमन. मग कलाबाई डब्यांना वयावरून ओळखायला लागली. “हा आपल्या तेजलच्या वयाचा,” असं ती एखादा जुनाट डबा दाखवून म्हणायची. तेजल म्हणजे शेजारच्या दीपमालाची मुलगी. तिला हे मुळीच आवडायचं नाही.

पण कलाबाईचं नाव झालं ते अंदाजामुळे. तिच्या ध्यानात आलं की रिकामी गाडी दोन जातींची असते. एक पळती, ती धडधडत येते आणि धूळ उडवते. दुसरी रांगती. ती वळणावर इतकी हळू होते की शेजारून चालणारा माणूस तिला मागे टाकील. रांगत्या गाडीची भुकटी डब्यातल्या डब्यात राहते. तेव्हा प्रश्न एवढाच, की आज कोणती? याचं उत्तर सकाळी भरली गाडी आत जातानाच मिळतं, असं कलाबाईचं म्हणणं. गेटाशी एक लांब शिटी झाली तर दुपारी रांगती, दोन झाल्या तर पळती. कोळसा ओला असला तर एका शिटीचं वजन वाढतं. पुढून तिसऱ्या डब्याचं चाक टकटक वाजत असलं तर दोन शिट्यांचाही जोर कमी होतो. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांचा हिशेब आणखी वेगळा. हे सगळं मनात घोळवून ती आठच्या सुमाराला विहाराच्या पायरीवर उभी राहायची आणि सांगायची, “घाला.” नाहीतर, “आज नको, पळती हाय.”

आणि ते खरं व्हायचं. “घाला” म्हटलं त्या दिवशी गाडी रांगत यायची, “नको” म्हटलं त्या दिवशी धडधडत. एकदा-दोनदा नाही, वर्षानुवर्षं. पलीकडच्या चाळीतल्या बायकाही विचारायला यायला लागल्या. मल्हारी हसायचा. “ही रेल्वेत असती तर रेल्वे वेळेवर धावली असती,” म्हणायचा. पण शेवयांचा घाट घालायचा झाला की तोही हळूच विचारायचा, “उद्या कसं वाटतं?”

वर्षातले दोनच दिवस कलाबाईला दगा द्यायचे. एक पंधरा एप्रिल आणि दुसरा बुद्धपौर्णिमेनंतरचा. त्या दिवशी वाळवण नसायचंच. जयंतीला नेसलेल्या पांढऱ्या साड्या निळ्या रंगानं माखलेल्या, पौर्णिमेच्या साड्यांवर खिरीचे डाग, आणि सगळ्या वसाहतीच्या साड्या एकाच सकाळी धुतल्या जायच्या आणि विहाराच्या गच्चीवर अंथरल्या जायच्या. साडीवर धूळ पडली तर झटकता येते, म्हणून कुणी कलाबाईचा अंदाज विचारायचं नाही. ती मात्र करायचीच. पळती म्हटलं तरी गाडी रांगतच यायची. वसाहतीनं यावरही उत्तर काढलं होतं, की जयंतीचा मान रेल्वेपण राखते. कलाबाईला ते पटत नव्हतं. “रेल्वेला कसला मान? काहीतरी कारण असणार. आपल्याला सापडत नाय, एवढंच,” असं म्हणत ती ते कोडं बावीस वर्षं जपून होती.

यंदा पंधरा एप्रिलला ती पळती म्हणाली आणि गाडी धडधडतच आली. साड्यांवर काळं पडलं, बायका वैतागल्या, आणि कलाबाई मनातून खूश झाली. अंदाजात एवढी एक खोट होती, तीही गेली म्हणून.

यंदा आभाळामुळे वाळवणं लांबली होती. पुढच्याच आठवड्यात तेजलच्या कुरडया निघाल्या, त्याच यंदाच्या पहिल्या.

दीपमाला शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलीला तिनं एकटीनं शिकवलं, आणि आता मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी तिचं लग्न होतं. रुखवतातलं बहुतेक सगळं विकतचं होतं, शोभेच्या वस्तू, लाडू, चिवडा, सगळं. कुरडयाही विकत आणू, असं तेजल म्हणत होती. दीपमाला एवढ्या एका गोष्टीला मात्र अडून बसली. “सासरच्या माणसांसमोर मांडताना माझ्या हातचं काहीतरी पाहिजे. कुरडई तरी माझ्या हातची जाऊ दे.” तिनं दोन पायल्या गहू तीन दिवस भिजवला, वाटला, चीक काढला. गुरुवारी पहाटे सात बायकांनी मिळून तो शिजवला आणि सोऱ्या घेऊन बसल्या. कलाबाईनं एक लांब शिटी ऐकली, ओला कोळसा बघितला आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाली, “घाला.”

दुपारी दीड वाजता इंजिन वळणावर आलं आणि हळू झालंच नाही.

अठ्ठावन्न डबे धडाधड निघून गेले. गच्चीवर अर्ध्या ओल्या कुरडया पडल्या होत्या, आणि ओल्या कुरडईला धूळ चिकटली की ती झटकून जात नाही. बायका कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दीपमालानं एक कुरडई उचलली, फुंकर मारली, पुन्हा मारली, आणि परत ठेवली.

“राहू दे अक्का,” ती म्हणाली. “तुम्ही काय गाडी हाकता का?”

समजूत घालायलाच ती बोलली होती. पण कलाबाईला ते मनाला लागलं.

संध्याकाळी दीपमालानं पुन्हा गहू भिजत घातला. दिवस मोजून झाले होते. गहू रविवारी वाटायचा, सोमवारी कुरडया पाडायच्या, सोमवार-मंगळवार दोन दिवसांचं कडक ऊन द्यायचं. शनिवारी हळद. सोमवारची संधी हुकली तर पुन्हा गहू भिजवायलाच वेळ उरत नव्हता. कुणी म्हणालं, दुसरीकडे वाळवू. पण ओली कुरडई हलवता येत नाही. जिथे पाडली तिथेच ती वाळली पाहिजे, आणि पाडायला शिजत्या चिकाच्या पातेल्याजवळ मोठी गच्ची पाहिजे. वरून कापड घातलं तर ते चिकटतं. शेवटी सगळ्यांची नजर कलाबाईकडे गेली. ती म्हणाली, “सोमवारची गाडी कशी येती ते मी सांगते.” आणि घरी जाऊन रात्रभर कूस बदलत राहिली. कारण गुरुवारची गाडी का पळाली हेच तिला कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती मुझफ्फरच्या गेटावर जाऊन बसली. भरली गाडी आली, एक शिटी झाली, गाडी गेली. मुझफ्फर गेट उघडून आल्यावर तिनं विचारलं, “ही एक शिटी द्यायची का दोन, कशावरून ठरवतात?”

“रस्ता बघून, मावशी. गेटाजवळ माणसं, म्हशी आडव्या दिसल्या तर दोन-तीनदा वाजवतात. नाय तर एकदा.”

“म्हशी?”

“हो. गवळीवाड्याच्या म्हशी असतात ना सकाळी.”

बावीस वर्षं तिनं म्हशींवरून पापड घातले होते. मग तिनं तिसऱ्या डब्याच्या टकटकीचं विचारलं. मुझफ्फर म्हणाला, “डबे रोजचे तेच कुठं असतात? आजचे डबे उद्या कुठल्या खाणीला जातील, कोण जाणे.” ओल्या कोळशाचं विचारण्याचा तिला धीर झाला नाही.

“मग गाडी वळणावर हळू कशानं व्हायची?”

“ते मला दिसत नाय, मावशी. माझं गेट इकडं, वळण तिकडं.” त्यानं विचार केला. “बदललं म्हणाल तर एकच. हनीफभाई रिटायर झाले एकतीस मार्चला. इतकी वर्षं या फाट्याची गाडी त्यांच्याच वाट्याला. आता वेदिका मॅडम असतात.”

“इंजिनात बाई हाय?”

“हो. हात चांगला हाय त्यांचा.”

एवढ्या वर्षांत इंजिनाच्या आत कोण बसतं हा प्रश्न आपल्याला कसा पडला नाही, याचंच कलाबाईला नवल वाटलं. चाकं बघितली, नंबर बघितले, डब्यांची वयं काढली. माणूस तेवढा राहून गेला. तिनं हनीफभाईंचा पत्ता घेतला आणि शनिवारी देवळाली कॅम्पची बस धरली.

बाजाराच्या मागच्या गल्लीत घर होतं. दार त्यांच्या बायकोनं, अमिनाबींनी उघडलं. अंगणात बाजेवर शेवया वाळत होत्या, वर पातळ मलमल. कलाबाई म्हणाली, “मी पंचशीलनगरची. गाडीचं विचारायचं होतं.” आतून एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस बाहेर आला. त्यानं तिच्याकडे नीट बघितलं.

“तुम्ही गच्चीवरच्या ताई ना? डबे मोजणाऱ्या?”

आपण गाडी बघतो हे कलाबाईला ठाऊक होतं. गाडीतून आपल्याला कुणी बघतंय, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

चहा झाला. मग तिनं सरळच विचारलं. “भाऊ, गाडी रांगती कधी आणि पळती कधी, याची खूण काय? एवढी मला सांगा. सोमवारी आमच्या पोरीच्या कुरडया घालायच्या हायेत. माझी खूण चुकली.”

हनीफभाई अमिनाबींकडे बघायला लागले. अमिनाबी पदराआड हसल्या.

“ताई, खूण तर तुम्हीच द्यायच्या,” हनीफभाई म्हणाले.

“मी?”

“मी नवीन होतो तेव्हा या फाट्यावर. एक दिवस रिकामी गाडी घेऊन निघालो, वळणावर मागं वळून बघितलं तर तुमच्या गच्चीवर बायका ओरडतायत. एक बाई मात्र नुसती उभी. शिवी नाय, हात नाय. डबे मोजतेय. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, आपल्या ईदच्या शेवयांवर कुणी असा कोळसा टाकला तर? दुसऱ्या दिवसापासून ठरवलं. वळणाच्या आधी असिस्टंटला सांगायचो, गच्ची बघ. तो बघायचा. ‘सफेद है’ म्हणाला की मी गाडी पायी चालवायचो. नाय म्हणाला की आपली जशी जाते तशी.”

“म्हणजे पांढरं दिसलं की?”

“पांढरं दिसलं की. तिथून काय कळणार, पापड का कुरडई. मला वाटायचं तुम्हाला ठाऊक आहे.”

कलाबाईनं कप खाली ठेवला. बावीस वर्षांचा हिशेब तिच्या डोक्यात उलटा फिरायला लागला. ती “घाला” म्हणायची म्हणून वाळवण पडायचं. वाळवण दिसायचं म्हणून गाडी रांगायची. ती “नको” म्हणायची म्हणून गच्ची मोकळी राहायची, आणि गच्ची मोकळी म्हणून गाडी पळायची. ती काहीही म्हणाली असती तरी खरंच झालं असतं. आणि ते दोन दिवस! पांढऱ्या साड्या होत्या त्या. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. कोडं सुटलं होतं, पण त्याच्याबरोबर तिचं सगळं शहाणपणही सुटलं होतं.

“म्हणजे मला काहीच कळत नव्हतं,” ती म्हणाली.

“असं कसं? तुमचा एकही अंदाज चुकला नाय ना?” हनीफभाई म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा पडला. “चुकलो मी. नवीन ड्रायव्हरला आम्ही रस्ता शिकवतो. तीन-चार खेपा सोबत घेऊन जायचं, कुठं चढ आहे, कुठला सिग्नल झाडामागं लपतो, कुठं म्हशी येतात, सगळं दाखवायचं. वेदिकाला मी सगळं दाखवलं. पण मार्चमधल्या त्या खेपांना आभाळ होतं. तुमची गच्ची मोकळी. पांढरं दिसलंच नाय, म्हणून सांगायचं डोक्यातच आलं नाय.”

“आता सांगा ना तिला.”

“फोन लावतो. पण ड्यूटीवर आमचे फोन बंद असतात. आणि ताई, हे पुस्तकात नाय. गाडीला उशीर झाला तर जाब तिला विचारतात. हळू जा असं मी तिला सांगू शकत नाय. गच्ची बघ, एवढं सांगेन.”

त्यांनी तिच्यासमोर दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा बंद होता. निघताना अमिनाबींनी तिच्या हातात शेवयांची पुडी दिली.

परतीच्या बसमध्ये कलाबाईच्या शेजारी लष्करातल्या कुणाची तरी बायको बसली होती. मध्येच हसणाऱ्या आणि मध्येच डोळे पुसणाऱ्या या बाईकडे बघून तिनं आपलं पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं. कलाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. सोमवारी पायरीवर उभं राहून काय सांगायचं, हे ती ठरवत होती. “घाला” म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं म्हटलंच होतं. खरी गोष्ट सांगितली तर पुन्हा कुणी तिच्या दाराशी येणार नव्हतं, आणि या वयात तेवढाच एक मान तिच्यापाशी होता. रविवारी तिनं मुझफ्फरला गाठायचं ठरवलं, तर त्याची साप्ताहिक सुट्टी. गेटावर दुसराच कुणी बसलेला. हनीफभाईंचाही काही निरोप आला नाही.

सोमवारी पहाटे चीक शिजला. बायका सोऱ्या घेऊन विहाराच्या पायरीशी जमल्या. भरली गाडी आत गेली, एक शिटी झाली, कोळसा ओला होता. मीना नावाची वसाहतीतली सगळ्यात धाकटी सून म्हणाली, “कलाबाई, कशी हाय आज?”

“मला माहीत नाय,” कलाबाई म्हणाली. “मला कधीच माहीत नव्हतं.”

आणि तिनं सगळं सांगितलं. म्हशींपासून शेवयांपर्यंत, एक गोष्ट न लपवता. बोलताना तिची नजर पायरीवरच्या फरशीवर होती.

“म्हणजे जयंतीचा मान रेल्वेनं नाय, त्या मुसलमान भावानं राखला,” एक म्हातारी म्हणाली.

“त्यालाबी ठाऊक नसताना,” मीना म्हणाली, आणि दोघी-तिघी हसल्या.

दीपमाला हसली नाही. तिचा जीव पातेल्यात होता. “अक्का, आता नवीन बाईला कुणी सांगितलंय का नाय ते आपल्याला ठाऊक नाय. मग मी घालू का नको?”

पहिल्यांदाच कलाबाईला कुठल्याही खुणेचा आधार नव्हता. तिनं वर गच्चीकडे बघितलं. मग म्हणाली, “घाल. पण दिसेल असं घालू. घराघरातल्या पांढऱ्या साड्या काढा. धुतलेल्या, नव्या, पेटीतल्या, सगळ्या.”

नऊ वाजेपर्यंत गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. खाली साड्या, साड्यांवर कुरडया, आणि कठड्यावरून रुळाच्या बाजूला सोडलेल्या आणखी साड्या. विहार लांबून चुना फासल्यासारखा दिसत होता. तेजल कामावर जाताना क्षणभर रस्त्यात उभी राहिली आणि मग पुढे गेली. दुपारच्या सुट्टीत आलेला मल्हारी जेवायला घरी गेला नाही. तंबाखू मळत भिंतीच्या सावलीत बसून राहिला.

एक वाजला. सव्वा झाला. पावणेदोनला गेटाकडून शिटी ऐकू आली, आणि कलाबाईनं ती मोजली नाही. दीपमालानं तिचा हात धरला होता. इंजिन वळणावर आलं. लाल, उंच, आणि आवाज तोच, गुरुवारचा. कलाबाईला वाटलं, संपलं. मग चाकांना ब्रेक घासल्याचा लांब कर्र आवाज आला. धडधड कमी झाली, आणखी कमी झाली, आणि गाडी मोजून पावलं टाकल्यासारखी चालायला लागली. इंजिनाच्या खिडकीतून एका मुलीचा चेहरा बाहेर आला. तिनं हात हलवला नाही, हसली नाही. नुसती गच्चीकडे बघत राहिली, साड्या, कुरडया, ओळीनं उभ्या बायका, सगळं. कलाबाईही तिच्याकडे बघत राहिली. अख्खी गाडी जायला अकरा मिनिटं लागली, आणि त्या अकरा मिनिटांत कलाबाई पहिल्यांदाच डबे मोजायला विसरली.

शेवटचा डबा गेल्यावर दीपमाला खाली वाकली. एक कुरडई उचलून तिनं उन्हात धरली. तिच्यावर काही नव्हतं. तिनं ती कुरडई कलाबाईच्या हातात दिली आणि रडायला लागली.

कलाबाईला मात्र आता वेगळंच डाचायला लागलं. त्या मुलीला कुणी सांगितलं? ऊन उतरायच्या आत ती गेटावर गेली. मुझफ्फर दुपारच्या पाळीला कामावर परतला होता.

“हनीफभाईंचा निरोप पोचला का?”

“नाय. त्यांचा मला आत्ताच फोन आला होता, मॅडम लागतच नाय म्हणून. मॅडमनी मलाच विचारलं होतं, शनिवारी. सिग्नल मिळेना म्हणून गाडी गेटाशी उभी होती. म्हणाल्या, गुरुवारी त्या गच्चीवर काय होतं? बायका मयतीला उभं राहावं तशा का उभ्या होत्या? मी म्हटलं, कुरडया. तर त्यांनी कपाळाला हात लावला. चाळीसगावच्या आहेत ना. म्हणाल्या, माझ्या आईच्या कुरडईवर असं काही झालं तर ती मला घरात घेणार नाय.” तो थांबला. “शनिवारीच सांगणार होतो तुम्हाला. तुम्ही गावात नव्हता.”

कलाबाई तिथेच बाकड्यावर बसली. एकानं बायकोच्या शेवया आठवून गाडी हळू केली होती, दुसरीनं आईच्या कुरडया. एकमेकांना न विचारता.

मंगळवारी सकाळी आठ वाजता ती सवयीनं विहाराच्या पायरीवर येऊन उभी राहिली. कुणी येणार नाही हे तिनं मनाशी धरलं होतं. पण मीना तांदळाच्या पापडांची परात घेऊन आलीच, मागून आणखी दोघी आल्या. त्यांनाही सवय होती.

“कलाबाई,” मीनानं विचारलं, “आज गाडी कशी?”

“आपण घालू तशी,” कलाबाई म्हणाली, आणि अमिनाबींच्या पुडीतल्या शेवया ऊन द्यायला पदरात घेऊन सगळ्यांच्या आधी गच्चीचा जिना चढायला लागली.